बुद्धिबळाच्या रेटेड डावाची नोंद कशी ठेवावी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडून पहिल्यांदाच रेटेड (निकालावरून खेळाडूचे रेटिंग गुण बदलतात अशा) बुद्धिबळ स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांना ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, पाठ असतात; चाली लिहून ठेवायची, म्हणजे नोंदीची सवय मात्र नसते. मला हे फार खटकतं. वाद झाला की आर्बिटर (पंच) आधी स्कोअरशीट, म्हणजे चालींच्या नोंदीचा कागदच बघतात.

पेन साधं बॉलपेन घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत तळहाताला घाम येतो, जेलची शाई फरफटते. नाव, रंग, फेरी, बोर्ड क्रमांक आधीच भरून टाका. मोबाइल अंगावर नको. सापडला तर डाव गेला.

आता क्रम. आधी चाल, मग त्याच हाताने घड्याळ, मग नोंद. चाल आधी लिहून मग खेळणं नियमात बसत नाही. प्रतिस्पर्ध्याची चाल लिहायच्या आत उत्तर देता येतं, पण स्वतःची आधीची चाल लिहिल्याशिवाय पुढची खेळता येत नाही. 90 मिनिटं अधिक दर चालीला 30 सेकंद असा वेळ असेल तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं. बरोबरी सुचवायची तर चाल करून, घड्याळ दाबायच्या आत; आणि दोघांनीही कागदावर (=) अशी खूण करायची.

आधी लिहायची मुभा बरोबरीच्या दाव्यापुरतीच. समजा समोरचा 200 रेटिंग गुणांनी वरचा आहे, तुमचं एक प्यादं कमी आहे आणि वजिराचे शह चालू आहेत. पुढच्या शहाने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार, म्हणजे बरोबरीचा दावा करता येतो. अशा वेळी शह देऊ नका. ‘वजीर ई8’ फक्त लिहा, घड्याळ थांबवा, आर्बिटरना बोलवा. घाईत चाल खेळून घड्याळ दाबलंत की त्या वेळचा हक्क गेला. दावा चुकला तर समोरच्याला 2 मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते, म्हणून आधीच्या दोन्ही स्थिती कागदावर नीट तपासून घ्या. दावा मान्य झाला, तर के (रेटिंग किती वेगाने बदलतं ते ठरवणारा गुणक) 20 असलेल्या खेळाडूला या अर्ध्या गुणाचे साधारण 5 रेटिंग गुण मिळतात. नवीन खेळाडूचा के 40, त्याला दुप्पट.

डाव संपला की निकाल लिहून दोघांच्या सह्या घ्या. मूळ प्रत आयोजकांची, कार्बनखालची तुमची. परतीच्या एसटीत ती काढा आणि जिथे जास्त विचार केलात तिथे काय मनात होतं ते शेजारी लिहा. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावायचं ते त्यानंतर.