ठराव खंय आसा?

गोव्यात वाळपईला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. रोज लोकांचे ओटीपी, पासवर्ड, आधार माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे डिजिटल धोरणावर बोलायला आपल्याहून लायक कोण, असं २०२२ साली मला वाटायचं. त्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या डेटा संरक्षण विधेयकाचा (लोकांची वैयक्तिक माहिती कोणी कशी वापरावी, त्याचा कायदा) मसुदा हरकती-सूचनांसाठी आला. मी रात्री जागून आठ पानं लिहिली. गोपनीयतेला हक्क मानणारा सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल, खेड्यातल्या बायका, मूलभूत हक्क, सगळं घातलं. पाठवलं आणि आठवडाभर हवेत.

वाड्यावरचे काका दोनदा पंच होते. त्यांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बरें बरयलां. पूण ठराव खंय आसा गे बाय?" म्हणजे, छान लिहिलंस, पण ठराव कुठे आहे?

गोव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ग्रामसभेत मोबाइल टॉवरविरुद्ध अर्धा तास घसा फोडा. कोणी ठराव मांडला नाही, कोणी अनुमोदन दिलं नाही, तर इतिवृत्तात तुम्ही नसता. माझ्या आठ पानांत एकही ठराव नव्हता. कुठलं कलम, त्यातला कुठला शब्द, त्याजागी काय हवं, काहीच नाही. मसुदा घेऊन बसलेल्या माणसाने त्याचं करायचं काय? "गोपनीयता जपा" हे वाक्य कुठल्या ओळीत बसवायचं?

पुन्हा सांगते, कारण माझी दोन वर्षं यातच गेली: मत पाठवू नका, दुरुस्ती पाठवा.

पुढे विधेयकाचा कायदा झाला. ३ जानेवारी २०२५ ला त्याच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा मी फक्त नियम १० धरला. अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर पालकाची पडताळलेली संमती हवी. छान. आता माझ्या टेबलासमोर या. बाप फोन मुलीच्या हातात देतो, "तूच बघ" म्हणतो. ओटीपी तीच वाचते, तीच टाकते. संमती कोणाची झाली? डेटा कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना वाचायला कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय आहे, म्हणजे मराठी आली, कोकणीही आली. पण बापाला वाचताच येत नसेल तर? मी अर्धं पान लिहिलं: हा प्रसंग, नियमाचा क्रमांक, आणि 'सूचना पालकाला ऐकवण्याची सोय असावी' असं एक तयार वाक्य. मुदत १८ फेब्रुवारीवरून ५ मार्चवर गेली. मी आधीच पाठवून मोकळी झाले होते.

२०२५ च्याच नोव्हेंबरात अंतिम नियम आले. माझं वाक्य त्यात नाही. हे आधीच ऐकून ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत मन मोडेल.

तयार मजकूर कॉपी करून पाठवणं मला पटत नाही. लोक २०१५ चा दाखला देतात: नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखी वागणूक) दूरसंचार नियामक ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. खरंय. पण तिथे आकड्यानेच दबाव येत होता. नियमाच्या पोटकलमात आकडा चालत नाही. आणि जे मार्गदर्शक आधी आयकॅन, आयजीएफ, आयईटीएफ ही इंटरनेटच्या कारभाराशी जोडलेल्या जागतिक संस्था-मंचांची आद्याक्षरं पाठ करायला लावतात, मग तिथल्या फेलोशिपचे अर्ज भरायला, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. फेलोशिप वाईट नाही. मीही दोनदा अर्ज केला, दोनदा नापास. पण बॅज गळ्यात आला म्हणजे म्हणणं तयार झालं, असं होत नाही.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. तुमच्याकडे असं काही आहे जे नियम ठरवायला बसलेल्यांकडे नसतं. 'दर्या' आणि 'दऱ्या' टाइप करून बघा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ. संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं. देवनागरी डोमेन नावांत (वेबसाइटच्या पत्त्यांत) कुठलं अक्षर कुठे चालावं याचे नियम ठरतात, तेव्हा फक्त हिंदी येणाऱ्याला हा फरक सुचेलच असं नाही. तो आपल्याला शाळेतच कळलेला असतो. तिथून सुरुवात करा, अर्ध्या पानाची.