सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी: खर्च आणि फलित यांची तुलना कशी करावी

सातारा, कराड किंवा सांगली येथे बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करायचे ठरले, की बहुतेक पालक पहिल्या वर्षाची फी तेवढी विचारतात. तुलना मात्र तीन वर्षांच्या एकूण खर्चाची करावी. शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, जर्नल, ॲप्रन आणि वसतिगृह-मेस हे सारे एका कागदावर मांडावे. गावाहून ये-जा शक्य असेल तर एसटीचा विद्यार्थी पास आणि खोलीभाडे यांतील फरकच कित्येकदा फीच्या फरकापेक्षा मोठा निघतो.

एकाच महाविद्यालयात काही तुकड्या अनुदानित, तर काही विनाअनुदानित असतात, म्हणून आपल्याला मिळणारी जागा कोणत्या प्रकारची आहे हे प्रवेशापूर्वी कार्यालयातून स्पष्ट करून घ्यावे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे; महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर त्या महाविद्यालयासमोर हाच अभ्यासक्रम दिसतो का, तेही पाहावे. मुलींच्या शुल्कमाफीचा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तो साध्या बी.एस्सी.ला गृहीत धरू नये.

फलिताचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण माहितीपत्रकातील ‘उत्तम प्लेसमेंट’ या शब्दांना काहीच आधार नसतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत सहभागी झालेल्या महाविद्यालयाची माहिती त्याच्या संकेतस्थळावर सापडते. तीत प्रवेश घेतलेले, विहित मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी मिळालेले आणि उच्च शिक्षणाकडे वळलेले विद्यार्थी किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत दिलेले असते. समजा, ६० जणांनी प्रवेश घेतला, ४० वेळेत उत्तीर्ण झाले आणि ८ जणांना नोकरी लागली. तेथे छापलेला पगाराचा मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) त्या ८ जणांचा असतो. उरलेल्या ५२ जणांविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. शिवाय हे आकडे सर्व त्रैवार्षिक पदव्यांचे एकत्रित असल्याने वाणिज्य शाखेचेही त्यांतच मिसळलेले असतात. सूक्ष्मजीवशास्त्राचे स्वतंत्र आकडे विभागप्रमुखांकडे मागावेत. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर माझ्या मते तेही एक उत्तरच आहे.

त्याच भेटीत प्रयोगशाळा पाहावी. ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि लॅमिनार एअर फ्लो (गाळलेल्या हवेचा जंतुविरहित कक्ष) काचेआड शोभेला ठेवले आहेत की रोज वापरात आहेत, ऑइल इमर्शन भिंगाचा (तेलाच्या थेंबातून जिवाणू पाहण्याचा) सूक्ष्मदर्शक किती विद्यार्थ्यांत एक आहे, आणि प्रत्येक विद्यार्थी स्वतःची पेट्री प्लेट स्ट्रीक करतो (जंतू वाढवण्याच्या बशीत नमुना रेघांनी पसरवतो) की एकाच प्लेटभोवती सारा गट उभा राहतो, हे पदवीच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्यांना विचारावे. औषधनिर्मिती किंवा दुग्धप्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मुलाखतीला हाताचे हेच काम विचारले जाते.

मिरजेतील रुग्णालयांकडे पाहून हा विषय निवडणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, की निदान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या कामासाठी साधारणपणे डीएमएलटीसारखी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविका) वेगळी पात्रता लागते, त्यामुळे तो खर्चही हिशेबात धरावा. तसेच एम.एस्सी. करायचीच असेल, तर तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाची एम.एस्सी. या दोन्ही मार्गांचा पाच वर्षांचा खर्च शेजारी-शेजारी लिहावा आणि चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात प्रत्यक्ष सुरू आहे का, याची खात्री प्रवेशापूर्वीच करावी.