रँक देताना या चुका टाळा: फंक्शन ॲरेच्या कोणत्या तुकड्यावर चालतं?

समजा, सांगली मार्केट यार्डातली हळदीची आवक क्विंटलमध्ये भरली आहे: २ आठवडे, ३ अडत दुकानं, ४ दिवस. जे (J) या प्रोग्रॅमिंग भाषेत या ॲरेचा, म्हणजे आकड्यांच्या मांडणीचा, आकार 2 3 4. नुसतं `+/` (बेरीज) चालवलं तर दोन आठवडे एकमेकांत मिळवले जातात आणि 3 4 आकाराचा तक्ता हाती येतो, कारण रँक (फंक्शनने एका वेळी केवढा तुकडा घ्यायचा तो आकडा) न दिलेलं `+/` अख्खा ॲरे उचलतं आणि पहिल्या अक्षावर (इथे आठवडे) बेरीज करतं. दर आठवड्याची दुकानवार बेरीज हवी तर `+/"1` लिहा, उत्तर 2 3.

इथला 1 म्हणजे "पहिला अक्ष" नव्हे. सगळ्यात जास्त घोटाळा यातच होतो. रँक शेवटाकडून मोजतात: 1 म्हणजे एकेक ओळ, 2 म्हणजे एकेक तक्ता. म्हणून `+/"2` प्रत्येक आठवड्यातली दुकानं मिळवतं, उत्तर 2 4.

सरासरीसाठी `(+/"1 % #)` लिहू नका. `%` म्हणजे भागाकार, `#` म्हणजे मोजणी. यात `#` पर्यंत रँक पोचतच नाही; ते आठवडे मोजतं आणि ४ ऐवजी २ ने भागतं. कंस आधी, रँक नंतर: `(+/ % #)"1`.

आता एका आठवड्याचा 3 4 तक्ता आणि ४ दिवसांचे दर घ्या. (नावं वाचायला सोपी म्हणून देवनागरीत, टाइप करताना रोमन लागतात.) `दर * आवक` म्हटलं की लेंग्थ एरर येते, कारण जे पहिल्या अक्षापासून जुळवतं आणि ४ दरांसमोर ३ दुकानं येतात. `दर *"1 आवक` लिहिलं की जमतं. खरा धोका दुकानंही ४ असतील तेव्हा: एरर येत नाही, पहिल्या दिवसाचा दर पहिल्या दुकानाच्या सगळ्या दिवसांना लागतो आणि रक्कम बिनबोभाट चुकते. त्यामुळे चाचणी चौरस तक्त्यावर कधीच घेऊ नका. डायलॉग एपीएल या जेसारख्याच भाषेत दोन्ही वेळा रँक एरर येते. तिथे `दर (×⍤1) आवक`. कंस गाळला तर 1 पुढच्या नावाला चिकटतो. जेमध्ये असं फक्त थेट आकड्यांशी होतं: `+/"1 (5 6)` मधला कंस त्यासाठीच.

`@` आणि `@:` दोन फंक्शनं जोडतात, `*:` वर्ग करतं. `+/@*: 3 4` चं उत्तर 9 16, `+/@:*: 3 4` चं 25. नुसतं `@` उजव्या फंक्शनची रँक घेतं, म्हणजे बेरीज एकेका आकड्यावरच चालते.

बंद दिवसांचे शून्य `(* # ])"1` ने (इथे `*` शून्याला 0 आणि बाकी आवकेला 1 देतं, `#` 1 वाले आकडे ठेवतं, `]` म्हणजे ती ओळच) गाळले तर ओळी कमीजास्त लांबीच्या होतात आणि जे त्या शून्यांनीच परत भरतं. गाळणं आणि सरासरी एकाच रँकखाली ठेवा: `(+/ % #)@:(* # ])"1`.