हॉप्सचा तक्ता आणि हातातलं पाकीट

"गोल्डिंग्जच आहे की!" असं म्हणत मी ईस्ट केंट गोल्डिंग्ज या हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं, पाकीट फोडायला घेतलं, तेव्हा मुंढव्याजवळच्या एका मायक्रोब्रुअरीत उमेदवारी सुरू करून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. रेसिपीत होतं स्टिरियन गोल्डिंग्ज. आमचे मुख्य ब्रुअर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, कात्री काढून घेत म्हणाले, "आडनाव एक म्हणून भाऊबंद समजतोस का?"

स्लोव्हेनियातल्या त्या हॉपची मूळ रोपं इंग्लंडहून गोल्डिंग समजून नेली होती, निघाली फगल या दुसऱ्याच वाणाची. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हापासून आधी पूर्ण नाव आणि गाव बघतो. नुसतं 'हॅलरटाऊ' लिहिलेलं असेल तर पुढे जाऊच नका. तो बव्हेरियातला प्रदेश आहे. तिथलाच मिटेलफ्रू हा वाण साधारण ३ ते ५ टक्के अल्फा आम्लाचा (बिअरचा कडूपणा मुख्यतः यातूनच येतो) आणि तिथेच पिकणारा मॅग्नम ११ ते १६ टक्क्यांचा! नाव आणि देश पडताळायला आंतरराष्ट्रीय हॉप उत्पादक संघटनेची वाणांची यादी बरी पडते. वंशावळीसाठी ज्यांनी वाण तयार केला त्यांचीच नोंद शोधावी. कॅस्केड १९७२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ओरेगनमधल्या कामातून आला, मॅग्नम जर्मनीतल्या ह्यूलच्या संशोधन केंद्रातून. विक्रेत्याच्या पानावरचं 'आंबा, लिची, पॅशनफ्रूट' मी जाहिरात म्हणून वाचतो. हापूसची अपेक्षा ठेवून सिट्रा नावाचा वाण हुंगाल तर फसाल.

कडूपणाचा हिशेब मात्र वाणांच्या माहितीच्या कुठल्याच तक्त्यावरून करू नये. एकाच वाणाचं अल्फा दर हंगामात बदलतं. तक्त्यात मॅग्नम १४ टक्के धरून मी २० ग्रॅम काढले होते. पाकिटावर त्या लॉटचा आकडा होता ११.२. म्हणजे २० गुणिले १४ भागिले ११.२, बरोब्बर २५ ग्रॅम. पाच ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण २० लिटरच्या चाचणी बॅचमध्ये कडूपणा एक पंचमांशाने कमी पडला असता. विक्रेत्याकडे त्या लॉटचा विश्लेषण अहवाल आणि पिकाचं वर्ष मागा. लाजू नका, देतात.

तो आकडाही माल ताजा असेपर्यंतच खरा. मे महिन्यात पार्सल दोन दिवस गोदामात तापलं की संपलं. पाकीट फुगलेलं दिसलं किंवा त्याची हवाबंद पकड सुटलेली असली, तर हॉप्स दाबून केलेल्या त्यातल्या दोन गोळ्या तळहातावर चुरून वास घ्या. जुन्या चीजसारखा आला तर बाजूला ठेवा. चांगला माल लगेच फ्रीझरमध्ये.

(घरी बिअर करून बघायचा मोह होईल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती बनवणं कायद्यात बसत नाही, म्हणून मी बॅचेस कामावरच शिकलो.)

घरी मी हॉपचा चहा तेवढा करतो. ओळीने चार कप, प्रत्येकात एका वाणाच्या दोन-तीन गोळ्या, वर गरम पाणी, पाच मिनिटं झाकण. मग वहीत आधी माझ्या नाकाला आलेला वास लिहायचा आणि नंतरच तक्ता उघडायचा. उलट केलं की तक्त्यातलाच वास यायला लागतो. साझ या वाणाच्या कपाला मी 'ओलं गवत, थोडी मिरी' लिहिलं होतं. आईने त्यातला एक घोट घेतला आणि म्हणाली, "यापेक्षा आपलं काडेचिराईत बरं."