शिकारीसाठी हलकी सेमी ऑटो शॉटगन कशी निवडावी

भाच्याचा साउथ डकोटाहून फोन आला. इथे पार्ल्यात रात्रीचे अकरा वाजले होते. "मावशी, दोन किलो आठशे ग्रॅमची सेमी ऑटो शॉटगन, छर्ऱ्यांची बंदूक, मिळतेय. दुकानात हातात घेतली, कापसासारखी वाटली. घेऊ का?"

मी विचारलं, "खांद्याला लावून बघितलीस का?"

"नाही, नुसती उचलली."

बहुतेक सगळे इथेच फसतात. बंदूक उचलून घेतात, खांद्याला लावून नाही. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हातात आली तेव्हापासून मला नेमबाजीचा नाद आहे. गेल्या ऑक्टोबरात भाच्याकडे गेले, त्याच्याबरोबर रेंजवर आणि फेझंटच्या रानात हिंडले. फेझंट म्हणजे आपल्या कोंबड्याच्याच कुळातला, लांब शेपटीचा पक्षी. मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं आता अमेरिकेत, कॅनडात, न्यूझीलंडमध्ये आहेत आणि त्यांतली काही तिथल्या मित्रांबरोबर शिकारीला जाऊ लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

इथे भारतात शिकारीचा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो मिटवला, आणि ते योग्यच झालं. तेव्हा पुढचं सगळं परदेशातल्या, परवान्याच्या आणि हंगामातल्या शिकारीबद्दल आहे.

आधी कागद, मग बंदूक

अमेरिकेत एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. ग्रीन कार्ड नसलेल्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून दुकानात जायच्या आधी परवाना काढायचा. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, पण बंदूक कपाटात तशीच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी पर्यटक व्हिसावर गेले होते. परवाना हातात आला तेव्हाच मी भाच्याच्या बंदुकीला हात लावला. तो म्हणाला, "मावशी, रेंजवर कोण विचारतंय?" कोणी विचारो न विचारो, नियम आपल्यासाठी आहे.

राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात. पुष्कळ ठिकाणी शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम सक्तीचा आहे. नसेल तरी करा.

चालायचंय की बसायचंय?

हलकी बंदूक हवी की नको, हे शिकारीच्या प्रकारावर ठरतं. फेझंट, ग्राऊस, क्वेल यांच्यासाठी गवतातून, मक्याच्या कापलेल्या शेतांतून दिवसभर चालावं लागतं. आठ-दहा किलोमीटर सहज होतात, आणि तेही बंदूक दोन्ही हातांत तयार धरून, कारण पक्षी पायाखालून उठतो. बदकांच्या शिकारीला मात्र पहाटे आडोशाला जाऊन बसायचं असतं. तिथे हलक्या बंदुकीचा काही उपयोग नाही, उलट तोटाच आहे. नुसती बदकंच मारायची असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि साडेतीन किलोची दणकट बंदूक घ्या.

आकडे सांगते. बेनेली अल्ट्रा लाइट बारा बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीची जाडी, हिशेब पुढे सांगते) सुमारे २.८ किलो भरते. १९६३ पासूनची रेमिंग्टन ११०० त्याच बोअरमध्ये सुमारे ३.६ किलोची. फरक आठशे ग्रॅमचा. दुकानात दोन मिनिटांत तो कळत नाही. म्हणून दुकानदाराला सांगून बंदूक चालताना धरतात तशी, नळी वर आणि तिरकी करून, दहा मिनिटं धरून उभे राहा. सातव्या मिनिटाला डावं मनगट बोलायला लागतं. त्याचं ऐका.

हलकेपणाची किंमत खांदा देतो

काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. हे साधं गणित आहे: साडेतीन किलोच्या बंदुकीऐवजी २.८ किलोची घेतलीत की त्याच काडतुसाला धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. दिवसाला पाच-सहा बार काढणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण हीच बंदूक घेऊन रेंजवर शंभर मातीच्या तबकड्या फोडायला गेलात तर संध्याकाळी हात वर करून केस विंचरता येणार नाहीत. शिवाय धक्क्याची भीती एकदा मनात बसली की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि ती सवय सुटायला वर्ष जातं.

त्यावर उपाय आहेत. वीस बोअर घ्या, हा पहिला. बोअरचा हिशेब जुना आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी बारा बोअरची नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, सुमारे १५.६ मिलिमीटर. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. वीस बोअरमध्ये साधारण २८ ग्रॅम छर्रे टाकणारं काडतूस फेझंटला पंचवीस-तीस मीटरपर्यंत पुरतं. फ्रँकी अफिनिटीसारख्या वीस बोअरच्या बंदुका पावणेतीन किलोच्या आतबाहेर येतात आणि अंगाने सडपातळ असतात. लहान हातांना त्या फार सुखाच्या.

बारा बोअरच हवी असेल तर काडतूस जपून निवडा. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, तीन किंवा साडेतीन इंची आहे म्हणून तेवढंच लांब, तेवढंच जड काडतूस घालायलाच हवं असं नाही. हलक्या बंदुकीला पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचं काडतूस पुरेसं आहे.

घरात दोन्ही बोअर असतील तर मात्र एक धोका डोक्यात कोरून ठेवा. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. त्यावर बारा बोअरचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. अमेरिकेत वीस बोअरची काडतुसं पिवळी करण्याचा रिवाज याचसाठी पडला. खिशात, पिशवीत, गाडीत दोन बोअर कधीही एकत्र ठेवू नका.

गॅसची की इनर्शियाची?

सेमी ऑटो म्हणजे एका चापाला एकच बार, पण रिकामं टरफल फेकून पुढचं काडतूस आत घेण्याचं काम बंदूक स्वतः करते. ते ती कशाच्या जोरावर करते, त्यावर तिचा स्वभाव ठरतो.

गॅसच्या बंदुकीत नळीला बारीक भोकं असतात. त्यांतून थोडा वायू दांड्याला ढकलतो आणि दांडा बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला. हे सगळं घडायला जो क्षणभर वेळ लागतो त्यात धक्का पसरतो, म्हणून खांद्याला तो मऊ लागतो. पण काजळी धरते, पुढचा भाग जाड होतो आणि वजन थोडं वाढतं.

इनर्शियाच्या, म्हणजे जडत्वाच्या, बंदुकीत दांडा नाही, भोकं नाहीत. बार उडाला की अख्खी बंदूक मागे सरकते, बोल्टचा जड भाग क्षणभर जागेवरच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. बस अचानक सुटल्यावर उभा माणूस मागे पडतो ना, तेच तत्त्व. भाग कमी म्हणून हलकी, आणि साफ करायला दहा मिनिटं. बेनेली, फ्रँकी यांच्या हलक्या बंदुका याच जातीच्या.

तिच्या दोन खोडी आहेत. बंदूक मोकळी मागे सरकली नाही, म्हणजे मागून कशाला तरी घट्ट टेकलेली असली, किंवा काडतूस फारच हलकं असलं, तर पुढचं काडतूस आत येत नाही. दुसरी खोड मी जवळून पाहिली. भाच्याने सकाळी बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला, आवाज नको म्हणून. बोल्ट पूर्ण बसला नाही. पहिला फेझंट उठला, चाप ओढला तर नुसतं 'टक्'. पक्षी शेताच्या पार गेला आणि कुत्रं आमच्याकडे बघत राहिलं. बोल्ट बटण दाबून त्याच्या जोरानेच बसू द्यायचा, मग हाताने मागून एकदा चाचपायचा.

माझं मत विचाराल तर दिवसभर चालून चार-पाच बार काढायचे असतील तेव्हा इनर्शिया, आणि त्याच बंदुकीने दर रविवारी रेंजवर जायचं असेल तेव्हा गॅस. दोन्ही एकीतच हवं असेल तर तीन किलोच्या आसपासची वीस बोअर गॅस बंदूक बघा.

माप: ब्लाउज शिवतात तसं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. रायफलने नेम धरतात. शॉटगन पक्ष्यावर रोखून फिरवतात, तिथे मागचं साइट म्हणजे तुमचा डोळा. दस्ता गालाला आणि खांद्याला बरोबर बसला नाही तर डोळा चुकीच्या जागी येतो, आणि बंदूक कितीही महागाची असली तरी छर्रे दुसरीकडेच जातात.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर तिथल्या बंदुकांत साधारण सव्वाचौदा-साडेचौदा इंच असतं. ते तिथल्या पावणेसहा-सहा फुटी माणसाच्या हिशेबाने. माझी उंची पाच फूट दोन इंच. भाच्याची बंदूक मला लांब होती, दस्ता काखेत अडकायचा, मग मी ती खांद्याच्या खळग्यात न लावता दंडावर लावत होते. तिसऱ्या दिवशी दंडावर जांभळाच्या रंगाचा डाग. दस्त्याचं रबर बदलून पातळ घातलं, इंचभर लांबी कमी झाली, आणि त्याच दुपारी पंचवीसपैकी नऊऐवजी सोळा तबकड्या फुटल्या.

दुकानात हे असं तपासा. बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने बघा, रिकामं आहे ना. दुकानदाराची परवानगी घेऊन भिंतीच्या कोपऱ्यावर नजर लावा, डोळे मिटा, बंदूक गालाला-खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ आणि पुढचा मणी तिच्या मधोमध दिसला तर ती तुमची. नळीऐवजी बोल्टची पाठ दिसली तर गाल फार खाली आलाय. पट्टीचा चढ दिसला तर फार वर. मणी एका बाजूला गेला तर दस्त्याचा वाक चुकतोय. पुष्कळ बंदुकांबरोबर पातळ चकत्या येतात, त्या दस्ता आणि बॉडीच्या मध्ये घालून हे सगळं थोडं थोडं सुधारता येतं. त्या पेटीत आहेत का, विचारा. आणि जे जाकीट घालून शिकारीला जाणार तेच घालून जा. ऑक्टोबरातल्या डकोटाच्या थंडीतलं जाड जाकीट लांबीत अर्धा इंच खातं.

डावखुरे असाल तर डावी बंदूकच मागा, नाहीतर टरफलं नाकासमोरून उडतात.

नळी २६ इंची की २८? सेमी ऑटोची बॉडी दुनळीपेक्षा लांब असते, त्यामुळे २६ इंचीही हातात आखूड वाटत नाही. पण फार हलक्या बंदुकीचं तोंडही हलकं असतं. ती झटकन फिरते आणि झटकन थांबते, बार पक्ष्याच्या मागे जातो. म्हणून उंच, लांब हाताच्या माणसाने हलक्या बंदुकीला २८ इंची घ्यावी.

घेतल्यावर

पंचवीस-तीस मीटरवर मोठा कागद लावून वेगवेगळ्या चोकने (चोक म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारं, नळीच्या तोंडाचं अरुंद टोक) बार काढा आणि छर्रे कुठे, किती पसरतात ते बघा. फेझंटला बहुधा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड पुरतो. अमेरिकेत बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, पुष्कळ सरकारी जमिनींवर इतर पक्ष्यांनाही. पोलादी छर्रे फुल, म्हणजे फार अरुंद, चोकमधून मारू नका, चोक आणि नळी खराब होते. स्थलांतरी पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा दट्ट्या काडतुसं भरायच्या नळकांड्यात बसवावा लागतो. तो काढून ठेवला असेल तर हंगामाआधी परत घाला.

सेमी ऑटोचा एक धोका लक्षात ठेवा. बार काढल्याबरोबर पुढचं काडतूस आत आलेलं असतं आणि सुरक्षेचा खटका उघडाच असतो. पक्षी पडला की सगळे आनंदाने पळतात, तेव्हाच हे विसरतं. आधी खटका, मग पाय. कुंपण ओलांडताना बंदूक पूर्ण रिकामी, बोल्ट उघडा, सोबत्याला दिसेल असा.

आणि मुंबईला परत येताना बंदूक आणायचा विचारही नको. इथे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. पण बंदुकीपेक्षा भीती सुट्या काडतुसाची. विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होतो. साउथ डकोटातल्या सू फॉल्सहून निघायच्या आदल्या रात्री मी भाच्याचं केशरी जाकीट त्याच्या आईला दाखवायला म्हणून माझ्या बॅगेत घडी घालत होते. आतल्या खिशात काहीतरी टणक लागलं. पिवळं, वीस बोअरचं, न उडालेलं. जाकीट तिथेच ठेवलं. तेव्हापासून भाचा शिकारीहून आल्यावर प्रत्येक खिसा उलटा करून झटकतो, दारातच, बूट काढायच्या आधी.