रोबो लॅबमध्ये पळतो, स्पर्धेत अडतो? या चुका टाळा

सोलापूरची पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला स्पर्धेसाठी जातात आणि लॅबमध्ये झकास पळालेला लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या काळ्या रेषेवरून चालणारा रोबो) तिथे पहिल्याच वळणावर बंद पडतो. लगेच सगळे कोडवर तुटून पडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी मल्टिमीटर हातात घ्या.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला लावूच नका. मोटर सुरू होताना लागणारा करंट तिला झेपत नाही. व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो (रोबो चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो आणि वाटतं प्रोग्राम अडकला. चाकं हवेत धरली की सगळं ठीक, जमिनीवर टेकवली की आर्डुइनो उनो बोर्डवरचा ‘एल’ दिवा पुन्हा लुकलुकतो? मग दुखणं पॉवरचंच. मोटरला करंट पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. त्यामुळे चार एए सेलच्या ६ व्होल्टमधले मोटरपर्यंत जेमतेम ४ पोचतात. दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम-आयन) सीरीजमध्ये घ्या, पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचा ग्राउंड (निगेटिव्ह वायर) एकत्र जोडलाय ना, तेही बघा.

आणखी एक, जे फार कमी जण पाळतात: पीआयडी ट्यूनिंग (रोबो लाइनवरून किती सरकला, त्यावरून किती वळवायचं हे ठरवणारे आकडे बसवणं) चार्ज केलेल्या बॅटरीवरच करा. उतरलेल्या बॅटरीवर केपी-केडी हे त्यातले आकडे बसवले, की ताज्या बॅटरीवर तोच रोबो लाइनच्या दोन्ही बाजूंना झोकांड्या खातो.

उन्हात इन्फ्रारेड असतंच. आपल्याकडच्या उन्हात, खिडकीजवळच्या ट्रॅकवर लाइन ओळखणाऱ्या आयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला काळं-पांढरं कळेनासं होतं. थ्रेशोल्डचा, म्हणजे काळं-पांढरं वेगळं करणारा, आकडा कोडमध्ये कायमचा लिहू नका. सुरुवातीला रोबो लाइनवर डावी-उजवीकडे फिरवून प्रत्येक सेन्सरचं किमान-कमाल रीडिंग घ्या आणि मधला आकडा धरा. सेन्सरभोवती काळ्या कागदाचा आडोसा लावला तरी बराच फरक पडतो.

कोडमध्ये ‘डिले’ (प्रोग्राम थांबवून ठेवणारी कमांड) टाळा, तेवढा वेळ रोबो आंधळा असतो; न थांबता वेळ मोजणारी ‘मिलिस’ वापरा. अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर प्रतिध्वनीची वेळ मोजणाऱ्या ‘पल्सइन’ कमांडला २५००० मायक्रोसेकंदांचा टाइमआउट द्या. नाहीतर प्रतिध्वनी आला नाही की ती १ सेकंदापर्यंत वाट बघत बसू शकते आणि तोवर रोबो भिंतीवर आदळलेला असू शकतो.

घरात यंत्रमाग असेल तर कॅस्टरमध्ये (टेकूच्या फिरत्या चाकात) आणि चाकांच्या आसात अडकलेलं सूत चिमट्याने काढा. जंपर वायरी प्रवासात निसटतात, त्यांना हॉट ग्लूचा ठिपका द्या. आणि स्पर्धेच्या सकाळी कोडला हात लावायचाच असेल, तर आधी चालत्या कोडची कॉपी वेगळी सेव्ह करा.