असेंबल केलेल्या संगणकासाठी विंडोज घेताना या चुका टाळा

इंदूरमध्ये संगणक असेंबल करून घ्यायचा ठरला, की पावले आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी यांचे भाव चार दुकानांत विचारून, शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करून झाल्यावर विंडोजचा विषय मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. तयार लॅपटॉपबरोबर बहुधा परवाना आलेला असतो, सुट्या भागांबरोबर तो येत नाही, ही साधी गोष्ट त्या गडबडीत निसटते.

मीही तेच केले होते. शहरातल्याच एका दुकानात कोटेशनवर विंडोजची ओळ नाही म्हणून मी विचारले, तर काउंटरवरून उत्तर आले, "विंडो तो हम डालके ही देते हैं, भिया." तेवढ्यावर मी समाधान मानले. काही महिन्यांनी सोसायटीचे हिशेब करत बसलो असताना पडद्यावर सूचना झळकली, की विंडोजचा परवाना लवकरच संपणार आहे. विकत घेतलेली वस्तू संपते कशी, हे तेव्हा मला कळेना.

उत्तर संगणकातच होते. कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, मग एक जागा, तिरपी रेघ आणि डीएलआय अशी रोमन अक्षरे (slmgr /dli) टाकली, की एक लहान चौकट उघडते. तिच्यातल्या वर्णनाच्या ओळीत परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिलेले असते. माझ्या चौकटीत 'व्होल्यूम केएमएस क्लायंट' असे होते आणि खाली उरलेली मुदत मिनिटांत आणि दिवसांत दिलेली होती. ही सोय मोठ्या कार्यालयांसाठी असते. कार्यालयाचा सर्व्हर आपल्या संगणकांना १८० दिवसांची मान्यता देतो आणि संगणक तिचे अधूनमधून नूतनीकरण करत राहतात. विंडोजच्या बाबतीत असे किमान २५ संगणक असल्याखेरीज तो सर्व्हर मान्यता देतच नाही. माझ्या दिवाणखान्यात एकच संगणक होता. म्हणजे दुकानात कुठल्या तरी 'अॅक्टिव्हेटर'ने त्या सर्व्हरचे सोंग आणले होते. अशी साधने चालवण्याआधी अँटिव्हायरस बहुधा बंद करावा लागतो, आणि आपण त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करतो, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. शिवाय नक्कल आहे हे ठाऊक असूनही ती वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ बी खाली गुन्हा ठरतो.

दुसरी चूक याहून फसवी आहे. ऑनलाइन काही शे रुपयांत पंचवीस अक्षरांची 'की', म्हणजे विंडोज सक्रिय करण्याचा सांकेतिक क्रमांक, मिळते, ती चालतेही, आणि डीएलआयऐवजी एक्सपीआर लिहून तपासले तर 'कायमस्वरूपी सक्रिय' असे उत्तरही येते. तरीही ती एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातली एमएके, म्हणजे अनेक संगणकांवर चालणारी, की असू शकते. मायक्रोसॉफ्टने ती रोखली, की आपल्या हातात ना बिल उरते ना दाद मागायला जागा. म्हणून एक्सपीआरच्या उत्तरावर विसंबू नये, डीएलआयची ओळ वाचावी. आपण विकत घेतो तो वापरण्याचा हक्क असतो, आणि की ही त्याची फक्त खूण असते.

तो हक्क कोणत्या प्रकारचा घ्यावा, यावर मात्र सावकाश विचार करावा. ओईएम, म्हणजे संगणक बनवणाऱ्यांसाठीचा, परवाना स्वस्त पडतो, पण तो पहिल्या मदरबोर्डला बांधलेला असतो. बोर्ड बिघडला म्हणून बदलावा लागला तर तो टिकतो. हौसेने नवा बोर्ड घातला तर टिकत नाही. रिटेल, म्हणजे थेट ग्राहकाला विकलेला, परवाना एका वेळी एकाच संगणकावर चालतो, परंतु जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. असेंबल संगणक घेणारा माणूस तीन-चार वर्षांनी बोर्ड बदलणारच, नाहीतर त्याने ब्रँडेड घेतला असता. त्यामुळे अशा माणसाने रिटेलच घ्यावा, असे माझे मत आहे. जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बसवलेली की नव्या संगणकासाठी वापरू पाहणे हीसुद्धा याच गैरसमजातून होणारी चूक आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या कीवर नवे विंडोज सक्रिय करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली, आणि विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा घ्यायचे ते विंडोज ११, आणि त्यासाठी बायोसमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

विंडोजच्या होम, होम सिंगल लँग्वेज (पडद्यावर एकच भाषा देणारी) आणि प्रो अशा आवृत्त्या असतात, आणि कीची आवृत्ती बसवलेल्या विंडोजशी नेमकी जुळली पाहिजे. होम सिंगल लँग्वेजची की साध्या होमवर चालत नाही. मराठी टायपिंगसाठी कोणी सिंगल लँग्वेज नको म्हणत असेल, तर ती भीती अनाठायी आहे, कारण तिथे बंधन पडद्यावरच्या भाषेचे असते, कीबोर्डचे नव्हे. प्रोचे जास्त पैसे केवळ त्यांनीच मोजावेत, ज्यांना हाच संगणक दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने उघडायचा आहे किंवा डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर हवा आहे. घरून कार्यालयातला संगणक उघडण्यापुरता घरच्या संगणकावर होम चालतो, प्रो लागतो तो कार्यालयातल्या संगणकावर.

बिलावर नुसते 'कॉम्प्युटर सेट' लिहून घेऊ नये. सॉफ्टवेअरची ओळ आवृत्तीसह वेगळी असावी, आणि व्यवसायासाठी घेत असाल तर आपला जीएसटी क्रमांक, जो मध्य प्रदेशात २३ ने सुरू होतो, बिल करतानाच द्यावा.

की नाकारली गेली तर दुकानात धावण्यापूर्वी त्रुटीच्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरे पाहावीत. एफ०५० म्हणजे की चुकीची टाकली आहे किंवा वेगळ्या आवृत्तीची आहे, सी००८ म्हणजे ती आधीच दुसरीकडे वापरलेली आहे, सी००३ म्हणजे ती रोखलेली आहे. एफ०७४ दिसला तर संगणक वर सांगितलेला कार्यालयाचा केएमएस सर्व्हर शोधतो आहे, आणि तुम्ही रिटेलचे पैसे दिले असतील तर बिल घेऊन लगेच विक्रेत्याकडे जावे.

घाई मुळीच नको. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून, की मागितल्यावर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडला तरी ते बसते. उजव्या कोपऱ्यात फिकट सूचना दिसत राहते आणि वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही, एवढेच. मी आता आठ-दहा दिवस तसेच वापरून रॅम, बोर्ड आणि एसएसडी ठीक चालतात हे पाहतो, बदलून घ्यायचे ते बदलून घेतो, मगच की टाकतो आणि लगेच परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडतो, कारण पुढे बोर्ड बदलल्यावर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटर तो त्याच खात्यातून शोधतो.